समुद्राची ओढ आधी मोजा

प्रति,
मा. महासंचालक,
महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा),
पुणे.

विषय : डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीपासून वीज

महोदय,



केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये समुद्रापासून मिळणाऱ्या विजेला अपारंपरिक विजेच्या पंगतीत बसवले. वीज भरतीची असो की लाटांची, वीज कंपन्यांवर अपारंपरिक वीज घेण्याचे जे बंधन आहे त्यात ती धरता येईल, असे ठरले. तेव्हा आज ना उद्या कोणीतरी एक चकचकीत आराखडा काखोटीला मारून आपल्या कार्यालयात येणार, हे उघड आहे. त्यात महाराष्ट्राचा नकाशा असेल आणि नकाशाच्या वरच्या टोकाला, डहाणूवर, एक लाल ठिपका असेल. राज्याच्या किनाऱ्यावर सगळ्यांत मोठी भरती आमच्या बाजूला येते, म्हणून. मी त्या ठिपक्यात राहतो. आगर हे डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, समुद्राला खेटून असलेले गाव. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे ठिपका दिसला की त्यामागची आकडेमोड करून बघायची खोड आहे. आराखडा येण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावे एवढ्यासाठी लिहितो आहे.

ठिपका अगदीच भलत्या जागी पडला आहे, असे मी म्हणणार नाही. कोचीला पाणी जेमतेम मीटरभर चढते. मुंबईला उधाणाच्या दिवशी ते साडेतीन-चार मीटर चढते. तिथून वर उत्तरेला समुद्राचे उथळ बूड रुंद होत जाते आणि पुढे खंबातच्या आखाताचे तोंड नरसाळ्यासारखे आवळत जाते. आत शिरलेल्या पाण्याला बाजूला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते वर चढते. भावनगरच्या बाजूला हा चढ दहा-अकरा मीटरांपर्यंत जातो. डहाणू या चढणीच्या मध्यावर आहे. उधाणाला इथे पाणी चार ते पाच मीटर खेळते. सकाळी होड्या तरंगत होत्या तिथे दुपारी अर्धा-पाऊण किलोमीटर चिखल उघडा पडलेला पाहून पर्यटक चक्रावतात, ते यामुळेच.

या विजेचा मोठा गुण म्हणजे ती कधी येणार हे आधी ठाऊक असते. वारा पडतो, आभाळ भरून येते, भरती मात्र चुकत नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना त्यासाठी छापील तक्ते लागत नसत. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. मुंबई बंदराला हा हिशेब बऱ्यापैकी बसतो. आमच्याकडे भरती थोडी मागाहून येते, तेवढी भर घालायची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते मिनिटांपर्यंत नेमके असतात हे खरे, पण नुसत्या तिथीवर पुढच्या महिन्याचे गणित होते, ही सोय सूर्य किंवा वारा देत नाही.

दोषही त्याच तिथीत बसलेला आहे. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो आणि भांगाची भरती अर्ध्यावर येते, कधी त्याहूनही कमी. बांधाआड अडवलेल्या पाण्यातली ऊर्जा पाण्याच्या चढाच्या वर्गाप्रमाणे बदलते. चढ निम्मा झाला की वीज चौथाई होते. म्हणजे पंधरवड्यातले काही दिवस यंत्रे पोटभर चालणार आणि काही दिवस अर्धपोटी. शिवाय भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. लोकांना दिवे संध्याकाळी सातला लागतात. समुद्र कधी सातला वीज देईल, कधी पहाटे तीनला.

आता मुख्य हिशेब. मी आठवी-नववीच्या मुलांना घालायचो तसाच घालतो. खाडीच्या तोंडाशी बांध घालून एक चौरस किलोमीटर पाणी अडवले आणि भरतीचा चढ सरासरी चार मीटर धरला. चाळीस लाख घनमीटर पाणी झाले. ओहोटीला ते सोडले की सरासरी दोन मीटर खाली पडते. त्यातून एका वेळी सुमारे बावीस हजार युनिट, दिवसाच्या दोन ओहोट्या धरून त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार. ही झाली कागदावरची ऊर्जा. पाणी पूर्ण पडेपर्यंत थांबता येत नाही, पाती सगळे पकडत नाहीत, घर्षण आहे, गाळ आहे. जगभरचा अनुभव पाव ते तिसरा हिस्सा हाती येण्याचा आहे. म्हणजे दिवसाला बारा हजार युनिटांच्या आसपास.

डहाणूचे औष्णिक केंद्र पाचशे मेगावॉटचे आहे. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला एक कोटी वीस लाख युनिट. एक चौरस किलोमीटर खाडी अडवून मिळणार त्याचा हजारावा भाग. ते केंद्र बंद करून भरतीवर जायचे म्हटले तर हजार चौरस किलोमीटर पाणी अडवायला लागेल. अख्ख्या डहाणू तालुक्याचे क्षेत्रफळ साधारण तेवढे भरेल.

आणि हा हिशेबसुद्धा मी खाडीला झुकते माप देऊन केला आहे. आमची खाडी ओहोटीला चार मीटर खोल नसतेच. तोंडापासून थोडे आत गेले की मधली चिंचोळी धार सोडून सगळा चिखल. जिथे पाणीच उरत नाही तिथे ते चार मीटर पडणार कुठून? तुलनेला सौर वीज घ्या. मेगावॉटमागे चार-पाच एकर धरले तर एका चौरस किलोमीटरवर पन्नास मेगावॉटची तावदाने बसतात आणि दिवसाला दोन लाख युनिट मिळतात. (हे वाचून कोणी मिठागरांवर तावदाने पसरायला निघू नये. डहाणूत शाळांची, दवाखान्यांची आणि शीतगृहांची छपरे पुष्कळ आहेत.)

फ्रान्समधल्या ला राँस नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॉटचे केंद्र सुखाने चालते आहे, मग आपल्याकडे का नाही, असा प्रश्न आराखडा आणणारा विचारेलच. तिथे भरतीचा चढ सरासरी आठ मीटर आहे आणि बांधाआड बावीस चौरस किलोमीटर पाणी आहे. आमच्या दुप्पट चढ, म्हणजे चौपट वीज. तरीही वर्षाला मिळते सुमारे पन्नास कोटी युनिट, जी आमचे औष्णिक केंद्र पूर्ण ताकदीने चालले तर सहा आठवड्यांत देते. ला राँसची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. बांधकामाच्या काळात जवळजवळ तीन वर्षे ती खाडी समुद्रापासून तोडलेली होती. आतली समुद्री जीवसृष्टी जवळपास संपली, आणि ती सावरायला पुढे दहाएक वर्षे गेली. फ्रान्सच्या सरकारला ती दहा वर्षे परवडली असतील. डहाणूच्या खाडीत कालवे आणि निवट्या वेचणाऱ्या बाईला एक हंगामही परवडत नाही.

कॅनडातल्या अॅनापोलिस रॉयल इथे १९८४ साली वीस मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. जगातल्या सर्वांत मोठ्या भरतीच्या, फंडीच्या आखाताच्या काठावर. पात्यांतून जाणाऱ्या माशांचे काय होते, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला आणि २०१९ मध्ये ते बंद पडले.

दक्षिण कोरियातले सिह्वा मात्र मला खरोखर विचार करण्याजोगे वाटते. तिथे शेतीसाठी गोड्या पाण्याचा तलाव करायला १९९४ मध्ये समुद्रात लांबलचक भिंत पुरी करण्यात आली. कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी साचून तलाव सडला. शेवटी समुद्राचे पाणी परत आत घेणे भाग पडले, आणि घ्यायचेच आहे तर पात्यांतून घेऊ, असे म्हणून त्याच भिंतीत २५४ मेगावॉटचे केंद्र बसवले. ते २०११ साली सुरू झाले आणि आज जगात सर्वांत मोठे आहे. वीज मिळाली, पाणीही पुष्कळ सुधारले. भिंत आधीच होती, नुकसान आधीच झाले होते, म्हणून तो व्यवहार जमला. हे वाचून आपल्याकडच्या कुणाला कोकणभरच्या खारबंदिस्त्या आठवतील. बांध आहेत, उघाड्या (पाणी सोडायची दारे) आहेत, मग बसवा पाती! पण खारबंदिस्ती बांधली ती समुद्र बाहेर ठेवायला. त्यामागे भातशेती आहे. उघाडीतून पाणी आत घ्यायला लागलो तर पिढ्यान् पिढ्या राखलेली जमीन खारी होईल. हा मोह आवरायला हवा.

आपल्या देशातला अनुभव आपण मला सांगावा असा आहे, मी आपल्याला सांगणे धाडसाचे. तरी पत्र खुले आहे, म्हणून इतरांसाठी लिहितो. आयआयटी मद्रासने केलेल्या अभ्यासात देशाची भरतीच्या विजेची तात्त्विक क्षमता १२,४५५ मेगावॉट निघाली, आणि तिचा मोठा वाटा खंबात आणि कच्छ या दोन आखातांचा. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॉटचा प्रकल्प आखला गेला. खर्चाचा अंदाज २३८ कोटींवर गेला, मेगावॉटमागे त्रेसष्ट कोटींहून अधिक. सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच कोटी लागतात. भरतीची यंत्रे दिवसातले जास्त तास चालतात, सूर्य रात्री नसतो, हे सगळे जमेला धरले तरी ही दरी बुजत नाही. कच्छच्या आखातात पन्नास मेगावॉटचा प्रकल्प २०११ मध्ये गाजावाजाने जाहीर झाला, साडेसातशे कोटींचा. दोन्ही गुंडाळले गेले. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०२१ मध्ये हा सगळा इतिहास तपासला आहे. आमच्याहून मोठा चढ असलेल्या आखातात जे परवडले नाही ते चार मीटरवर परवडेल, असे सांगणाऱ्याला आपण निदान चहा पाजण्याआधी त्याचा हिशेब मागावा.

बांध नको असेल तर वाहत्या पाण्यात पवनचक्कीसारखी पाती उभी करायची, हा दुसरा मार्ग. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंडच्या सामुद्रधुनीत प्रत्येकी दीड मेगावॉटची चार यंत्रे तळाशी बसवून वीज काढली जाते. बांध नाही, जलाशय नाही. मला हा मार्ग मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याचे गणित जास्त कडक तपासायला हवे. वाहत्या पाण्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला एक मीटर वेग असेल तर एका चौरस मीटरमधून अर्धा किलोवॉट जातो. दोन मीटर वेगाला चार किलोवॉट. पेंटलंडला वेग पाच मीटरपर्यंत जातो, तिथे साठाच्या वर. तिथली पाती अठरा मीटर व्यासाची आहेत. ते यंत्र सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यात आणून ठेवले तर दीड हजार किलोवॉटऐवजी पन्नासच्या आसपास देईल. आणि आमच्या समुद्रात ते मावायचे कसे? किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत गेल्यावर वीस मीटर खोली मिळते, त्यातले चार-पाच मीटर भरती-ओहोटीत जातात. राहिलेल्या पाण्यात पाच मीटर व्यासाची पाती बसतील. एक मीटर वेगाला चार किलोवॉट, दीड मीटर वेगाला तेरा-चौदा. तेही पाणी जोरात असेल तेवढेच तास.

एवढ्या विजेने मुंबई उजळत नाही. पण गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या झाईसारख्या बंदरावर मासळी ठेवायला थंड पेटी, जेटीवरचे दिवे, समुद्रातल्या बोयांवरचे दिवे आणि मोजणीची यंत्रे एवढे त्यावर चालू शकेल. डहाणूच्या भरतीचा विजेसाठी उपयोग असेल तर तो या मापाचा आहे, असे माझे मत आहे. मात्र हे मत मी एका गृहीतावर देतो आहे, वेगाच्या. आणि तो वेग सर्वांसमोर मांडलेला नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते पाणी किती चढेल ते सांगतात. ते किती जोराने वाहील हे सांगत नाहीत. चढ आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन ठिकाणी चढ सारखा असूनही एका ठिकाणी पाणी सुस्त आणि दुसऱ्या ठिकाणी होडी खेचून नेणारे असू शकते.

ही ओढ कुठे किती आहे हे या किनाऱ्यावर काही लोकांना नेमके माहीत आहे, आणि त्यांच्याकडे कोणी विचारायला जात नाही. मांगेला, वैती आणि कोळी मच्छीमारांची डोल जाळी तिच्यावरच चालतात. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली भलीमोठी पिशवी. समुद्राच्या तळात खुंट रोवून, नाहीतर नांगर टाकून तिचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे धरलेले असते. ओढ लागली की जाळे फुगते आणि बोंबील, मांदेली, करंदी, जवळा पाण्याबरोबर आत येतो. पाणी उभे राहिले की शेपूट उचलून रिकामे करायचे. पाणी फिरले की तोंड फिरवायचे. डिझेल लागते ते होडी तिथपर्यंत न्यायला. मासा पकडायला एक थेंब लागत नाही, ते सगळे काम भरतीचे. उधाणाला जाळी भरून येतात, भांगाला ओढ मरते आणि माणसे जाळी सुकवत बसतात. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर जो सुका बोंबील तळला जातो, तो आमच्या किनाऱ्यावरच्या, बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर भरतीने आणून टाकलेला असतो.

भरतीच्या शक्तीचे कारखाने इथे कधीचेच आहेत, आपल्या नोंदवहीत मात्र ते नाहीत. मिठागरांचेही तसेच. मोठ्या उधाणाला खाडीचे पाणी चढले की ते तापवणीच्या खणांत आपसूक येते. पंप लावून तेवढे पाणी उचलायचे म्हटले तर मिठाचा भाव कुठे जाईल, याचा हिशेब कोणत्याही मीठवाल्याला विचारावा.

तर प्रश्न असा की वाहत्या पाण्यातली पाती जिथे सर्वांत चांगली चालतील, तिथे आज काय आहे? तिथे कवी आहेत, म्हणजे डोल जाळ्यांसाठी समुद्रात मारलेल्या खुंटांच्या रांगा. जोराची ओढ जिथे आहे तीच जागा दोघांना हवी. ही जागा मोकळी पडलेली नाही. कवी कुणी कुठवर मारायच्या यावरून वसई-उत्तनकडचे मच्छीमार आणि आमच्या बाजूचे मच्छीमार यांच्यात कित्येक वर्षे वाद आहे. समुद्रात समोरासमोर भांडणे झाली आहेत. सरकारी नकाशात जो निळा कागद कोरा दिसतो, त्याच्यावर या माणसांची हद्द कणाकणाने ठरलेली आहे. तिथे उद्या एखादी कंपनी ‘प्रायोगिक प्रकल्पा’साठी आठ-दहा चौरस किलोमीटरचा पट्टा मागणार असेल, तर पर्यावरणाचा अहवाल नंतर, आधी या हद्दींचा नकाशा तयार व्हायला हवा. तो त्या माणसांना बरोबर घेतल्याशिवाय होणार नाही.

वीज आमच्या किनाऱ्याला नवी नाही. खाडीच्या दक्षिणेला तारापूरचे अणुकेंद्र १९६९ पासून आहे. डहाणूचे औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. दोन्ही समुद्राचे पाणी घेऊन थंड होतात. औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. त्याच्याविरुद्ध इथले लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये हरले. त्याच वर्षी जून महिन्यात केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला, आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ साली जाईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये प्राधिकरणाने आमच्याच किनाऱ्यावरच्या वाढवणच्या बंदराचा प्रस्ताव नाकारला. औष्णिक केंद्राच्या धुरातला गंधक काढण्याचे यंत्र बसायला मात्र २००७ उजाडले, तेही प्राधिकरण मागे लागले म्हणून. हा इतिहास उगाळण्याचे कारण एवढेच की, ‘ही तर स्वच्छ वीज आहे, हिला कोण नाही म्हणेल’ या वाक्यावर इथे कोणी विरघळत नाही. प्रत्येक प्रकल्प येताना कोणत्या ना कोणत्या अर्थाने स्वच्छच होता.

वाढवणचे बंदर परत आले, ते या वेळी मंजूर होऊनच. प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी हिरवा कंदील दाखवला, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६ हजार कोटींच्या घरातला खर्च मंजूर केला आणि ऑगस्टच्या अखेरीस पालघरला भूमिपूजन झाले. समुद्रात भर घालून चौदा चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन करायची आहे, आणि लाटा अडवायला दहा किलोमीटर लांबीची भिंत. माझा या बंदराला विरोध आहे. तो इथे लपवत नाही आणि मांडतही नाही, तो विषय आपल्या खात्याचा नव्हे. आपल्या खात्याशी त्याचा संबंध वेगळाच आहे. दहा किलोमीटरची भिंत समुद्रात उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंची ओढ बदलणार. कुठे वाढेल, कुठे मंदावेल, गाळ कुठे बसेल, हे प्रतिकृतींवरून सांगता येते आणि त्या प्रतिकृती झालेल्या आहेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने या बंदराचा अभ्यास केला आहे. तुमचे कार्यालय आणि खडकवासला एकाच शहराच्या दोन टोकांना आहेत. पत्र लिहिण्याचीही गरज पडणार नाही, एखाद्या दुपारी जाऊन यावे.

माझी मागणी तिथूनच सुरू होते. भिंत पुरी होण्याआधी, म्हणजे आत्ताच, या किनाऱ्यावरची ओढ वर्षभर मोजून घ्या. डहाणू खाडीच्या तोंडाशी, वाढवणसमोर, आणि झाईसमोर. ध्वनीच्या आधाराने पाण्याच्या प्रत्येक थराचा वेग टिपणारी यंत्रे तळाशी ठेवतात. ती आता दुर्मीळ राहिलेली नाहीत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला हे काम परके नाही. पंधरा दिवस मोजून भागणार नाही. उधाण-भांगाचे चक्र पंधरवड्याचे असले तरी पावसाळ्यातला समुद्र आणि माघातला समुद्र एक नसतो. मोजणीच्या जागा ठरवताना डोलवाल्यांना होडीत बसवा. कागदावर तीन बिंदू टाकणे सोपे आहे, पण वीस वाव अलीकडे-पलीकडे गेल्यावर ओढ कशी पालटते हे त्यांच्या हाताला ठाऊक असते.

ही मोजणी विजेसाठी म्हणून मागतो आहे, पण तिचा उपयोग विजेपुरता राहणार नाही, हे मोकळेपणाने सांगतो. उद्या भिंत उभी राहिल्यावर डोलवाला म्हणेल की माझ्या कवीवरची ओढ मेली, मासा येत नाही. तेव्हा त्याला पुरावा विचारला जाईल. आज आकडे नोंदवून ठेवले नाहीत तर त्याच्याजवळ नुसता शब्द असेल आणि समोरच्याजवळ प्रतिकृतीचे जाडजूड अहवाल. भिंतीनंतर मोजायला निघाल्यास आधीचा समुद्र परत मिळणार नाही. आपल्या खात्याला या भांडणात पडायचे नसेल, तरी हरकत नाही. पडू नका. मोजा आणि आकडे उघड्यावर ठेवा, बाकीचे आम्ही बघू.

आकडे मराठीत ठेवा, ही पुढची विनंती. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने अधिकार आहेत. ग्रामसभेपुढे प्रकल्प येतो तेव्हा त्याचा सारांश चार पानी असतो आणि मूळ अहवाल चारशे पानी इंग्रजीत. वर्षभराच्या मोजणीतून निघणारा तक्ता मात्र एका भिंतीवर मावेल. कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, कोणत्या जागी किती वेग. तो झाईच्या आणि डहाणूच्या मच्छीमार सोसायट्यांच्या भिंतीवर लावला, तर खुद्द डोलवालेच त्यातल्या चुका काढून देतील. ते काम तुमचे सल्लागार पैसे घेऊन करतात आणि नीट करत नाहीत.

वर्षाच्या शेवटी कुठेतरी वेग दोन मीटरच्या वर निघाला, तर माझा वरचा अंदाज चुकला असे मी आनंदाने म्हणेन. तेव्हा एक लहान यंत्र बसवून पाहा. त्याची मालकी मच्छीमार सोसायटीकडे ठेवा, पहिली वीज बंदरावरच्या बर्फाला द्या, आणि कोणत्याही कवीच्या जागेवर ते बसवू नका. वेग एक मीटरच्या आत निघाला, तर तसे लेखी जाहीर करा, म्हणजे पुढची वीस वर्षे या ठिपक्यावरून कोणी आराखडे घेऊन फिरणार नाही. आणि खाडीच्या तोंडावर बांध घालणारा प्रस्ताव आला, तर तो कोणत्याही आकड्यांची वाट न बघता परत पाठवा. त्याचे आकडे वर दिले आहेत, ते तपासायला कॅलक्युलेटरसुद्धा लागत नाही.

मोजणीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालायचा, हा प्रश्न आपल्यासमोर असेल. सागरी ऊर्जेसाठी तरतूद नाही, असे उत्तर आले तर ते याच किनाऱ्यावर ७६ हजार कोटींचे भूमिपूजन झाल्यानंतर आलेले असेल, एवढे उत्तर लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पोच मिळावी, ही विनंती.

आपला,
आगर (ता. डहाणू, जि. पालघर) येथील एक निवृत्त शिक्षक